जुनी बुलेट सुरू होत नाही? कार्बोरेटर खोलण्याआधी या चुका टाळा

पावसाळाभर झाकून ठेवलेली कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५० दसऱ्याला बाहेर निघते. धुऊन होते, हार घालून होतो, वीस किका मारून होतात आणि मग पहिला पाना लागतो तो कार्बोरेटरला, म्हणजे इंजिनला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणाऱ्या भागाला. हीच सगळ्यात मोठी चूक. आधी करंट बघा, म्हणजे प्लगला ठिणगी येते का ते.

प्लग काढून त्याच्या वायरच्या कॅपमध्ये बसवा, इंजिनच्या डोक्यावरच्या पात्यांना (हेडच्या फिन्सना) टेकवा, किल्ली चालू करा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून मात्र लांब धरा, आतून येणारी पेट्रोलची वाफ पेट घेते. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर अँमीटर, म्हणजे बॅटरीतून जाणारा-येणारा करंट दाखवणारा काटा बघा. किल्ली चालू करून किक सावकाश दाबा. काटा मायनसकडे झुकून परत मध्यावर यायला हवा. झुकतच नसेल तर बॅटरी, फ्यूज नाहीतर मळलेले पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारी धातूची टोकं). झुकलेलाच राहत असेल तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वायर बॉडीला लागते आहे.

नवा प्लग, नवी कॉइल, दोनदा कार्बोरेटर साफ, तरीही गाडी मुकी. अशा गाडीचं पॉइंटचं झाकण उघडावं, तर दमट हवेने पॉइंटवर राखाडी पापुद्रा धरलेला असतो. तोही लोक भिंतीच्या जाड सँडपेपरने खरवडतात! त्याने चरे पडतात, कण अडकतात. ६०० नंबरचा पेपर हलक्या हाताने दोनदा फिरवा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा जाड कागद मधून ओढा. कागदावर काळं उमटायचं थांबेपर्यंत ओढत राहा. पॉइंट पूर्ण उघडे असताना गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, आणि तोही फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी. हॅकसॉ ब्लेडच्या अंदाजाने ठेवलेला गॅप टायमिंगही बिघडवतो. पॉइंटवरच मोठी पिवळी ठिणगी उडत असेल तर ही ठिणगी दाबणारा कंडेन्सर बदला.

दुसरी चूक, दिसेल तशी किक हाणणं. अर्ध्या दाबावर मारलेली किक उलटून घोट्यावर बसते. किक सावकाश दाबत अँमीटरचा काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लीव्हर) ओढून किक थोडी पुढे न्या, लीव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग खालपर्यंत एकच सलग किक. थ्रॉटल पिळू नका.

ओव्हरफ्लो झाली, म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल गेलं? किल्ली आणि चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, डीकॉम्प्रेसर ओढून आठ-दहा किका. प्लग पुसा, त्याचा गॅप ०.५ मिमी.

करंट चोख असूनही गाडी फक्त चोकवर धरत असेल, तरच कार्बोरेटरकडे वळा. जुनं पेट्रोल पायलट जेटमध्ये, म्हणजे मंद गतीला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकात चिकटतं. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. हवा मारा.

आणि तपासणी चालू असताना किल्ली चालूच ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.