'बाइकवरून पडलो' एवढंच सांगू नका: अपघातानंतरचे पहिले काही तास

मुंबईत बाइकस्वाराला धडक बसली की पुढच्या दोन-तीन तासांत जे कागद तयार होतात, त्यांवरच भरपाईचा दावा उभा राहतो किंवा कोसळतो. त्यातला सगळ्यांत दुर्लक्षित कागद म्हणजे कॅज्युअल्टीतला केसपेपर. डॉक्टर विचारतात, 'काय झालं?' कळवळणारा माणूस म्हणतो, 'बाइकवरून पडलो.' तेवढंच लिहिलं जातं. पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद समोर धरतो: हा तर आपला आपण पडला, आमच्या गाडीचा काय संबंध? म्हणून सोबतच्याने तिथल्या तिथे सांगावं की कोणत्या गाडीने, कुठे, किती वाजता धडक दिली. गाडीचा नंबर असेल तर तोही लिहायला लावा. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची रुग्णालयातली नोंद) झाली का विचारा, तिचा नंबर टिपून घ्या.

त्याआधीची गोष्ट रस्त्यावरची. १०८ किंवा ११२ लावा. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला मार असेल तर तेवढ्यानेच माणूस अधू होऊ शकतो. श्वास अडकला असेल तरच, एकाने मान-डोकं स्थिर धरून दुसऱ्याने हळूच काढावं. गाड्या हलवण्याआधी फोटो घ्या: दोन्ही नंबरप्लेट, गाड्यांची जागा, टायरच्या खुणा. एक फोटो असा हवा की जागा ओळखू येईल; मेट्रोच्या खांबावरचा नंबर किंवा दुकानाची पाटी त्यात येऊ द्या. आसपासच्या दुकानांना सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवायला त्याच दिवशी सांगा, ते काही दिवसांत पुसलं जातं. आणि 'दोन हजार घ्या, मिटवून टाका' याला अजिबात भुलू नका. लिगामेंटची किंवा डोक्याच्या आतली इजा कधीकधी दुसऱ्या दिवशी कळते.

मदत करणाऱ्यांनीही घाबरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मुळे सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात घ्यावाच लागतो. हद्द दुसऱ्याची असेल तर झिरो एफआयआर होतो. प्रत मोफत मिळते. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे (भरपाईचे दावे चालतात ते न्यायालय) पाठवणं हे पोलिसांचं काम आहे. तपास अधिकाऱ्याकडे त्याचा पाठपुरावा ठेवा. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. भरती होतानाच विचारा.

भरपाईचे मार्ग दोन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर इजेला अडीच लाख. कलम १६६ खाली पगार, उपचार, कायमचं अपंगत्व धरून पूर्ण रक्कम मागता येते. त्यासाठी कायद्यात ६ महिन्यांची मुदत आहे, ती पाळाच. अर्ज तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा अर्ज निकालात निघतो, तेव्हा सही करण्याआधी वकिलाशी बोला. धडक देणारा पळाला असेल तर मृत्यूला २ लाख, गंभीर इजेला ५० हजार. हेल्मेट नव्हतं म्हणून दावा बाद होत नाही, रक्कम मात्र कमी होऊ शकते. मागे बसणाऱ्याचं एक लक्षात ठेवा: नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत तुमच्याच बाइकवरच्या पिलियनला संरक्षण नसतं. पॉलिसी आजच उघडून बघा.

दुसरी गाडी नव्हती, खड्ड्यानेच पाडलं, असं असेल तर 'खड्ड्यामुळे' हा शब्द केसपेपरवर आलाच पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूला ६ लाख, इजेला ५० हजार ते अडीच लाख भरपाई ठरवून दिली आहे. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं ऑइल वर येतं, पेव्हर ब्लॉक आणि मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा साबणासारख्या होतात. त्यांच्यावर ब्रेक मारू नका, गाडी कलवू नका. वेग आधीच उतरवून सरळ पार करा. आणि पडलातच, तर खड्डा बुजवला जायच्या आत त्यात चप्पल किंवा हेल्मेट ठेवून खोली दिसेल असा फोटो काढून घ्या.