बहुखोडी फायकस बोन्साय: उबदार, दमट दिवसांतली कामं

रात्रीचं तापमान १८ अंश सेल्सिअसच्या खाली उतरत नाही आणि हवेत भरपूर ओल आहे, असे दिवस सुरू झाले की फायकस, म्हणजे वड-पिंपळाच्या गटातलं झाड, जोरात चालतो. छाटलेल्या जागी दोन-तीन आठवड्यांत नवे डोळे फुगतात. बहुखोडी बोन्सायची सगळी मोठी कामं याच दिवसांत उरकायची: गुटी बांधणं (म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडणं), खोडं एकत्र जुळवणं, कुंडी बदलणं, शेंडा उतरवणं. थंडीत केलेला घाव भरायला फार वेळ घेतो आणि तोवर झाड नुसतं थांबून राहतं.

कात्री हातात घेण्याआधी बुंध्याजवळची वरची माती बोटांनी बाजूला सारा आणि खोडं नेमकी कुठून वेगळी होतात ते पाहा. बहुखोडी झाडाचं सारं रूप त्या एका जागेवर ठरतं. खोडं मातीला लागूनच फुटलेली असतील, तर एका मुळावरून उठलेलं जुनं झाड वाटतं. तीच फूट मातीपासून वीतभर वर असेल, तर ते बेचकं झालं, आणि वर कितीही सुंदर फांद्या बसवल्या तरी नजर त्या बेचक्यावरच अडकते. पुष्कळ जण हे वर्षानुवर्षं पाहतात आणि वरच्या फांद्यांवर मेहनत घेत राहतात. आधी बुंधा दुरुस्त करा, फांद्यांचं मागाहून बघता येतं.

बेचकं थोडंच वर असेल तर सोपा उपाय आहे. झाड खोल कुंडीत हलवा आणि बेचक्याच्या खालपर्यंत माती चढवा. फायकसच्या गाडलेल्या खोडातून सहज मुळं फुटतात. अंतर जास्त असेल तर मात्र गुटी कलम करा. मला स्वतःला बहुखोडी झाड मिळवण्याचा हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण मोठ्या झाडावर एकाच जागेवरून तीन-चार फांद्या उठलेली एखादी जागा बहुतेक वेळा सापडते. तिच्या लगेच खाली गुटी बांधली, की तीन-चार खोडांचा तयार बुंधा हाती येतो.

गुटी बांधताना फाट्याच्या अगदी खाली, फांदीच्या जाडीइतक्या रुंदीची सालीची कडी काढा. सालीखालचा हिरवट, बुळबुळीत थर सुरीने खरवडून टाका. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येतच नाहीत. चीक वाहायचा थांबू द्या, वरच्या कडेला मुळं फुटायची पावडर लावा, भिजवून पिळलेलं मॉस (सुकवलेलं शेवाळ) भोवती दाबून बसवा आणि प्लॅस्टिकने घट्ट बांधा. अशा हवेत साधारण ४ ते ८ आठवड्यांत मुळं प्लॅस्टिकमधून दिसू लागतात. पहिली पांढरी मुळं दिसताच कापायची घाई करू नका. ती तपकिरी होऊन त्यांना उपमुळं फुटली, की मगच कापा. नवं रोप लावताना त्याखाली फरशीचा सपाट तुकडा ठेवा आणि मुळं चहूबाजूंनी पसरवून द्या. मुळांची आडवी ठेवण आत्ता बसली नाही, तर पुढे ती बसवायला पुन्हा मुळं तोडावी लागतात.

दुसरा मार्ग कोवळी रोपं जुळवण्याचा. फायकसच्या साली एकमेकींना दाबून राहिल्या तर आतले थर एकजीव होतात. मुळं धरलेली ५ किंवा ७ छाट कलमं घ्या, शक्यतो एकाच मातृझाडाची. जाती वेगळ्या असल्या तर साल आणि पानं कधीच सारखी दिसत नाहीत आणि जोड उघडा पडतो. बुडाचा ४ ते ५ सेंटिमीटरचा भागच एकत्र बांधा, वरची टोकं मोकळी सोडा आणि मध्ये लाकडी पाचर घालून ती बाहेर झुकवा. फरशीच्या तुकड्याला भोक पाडून सगळी रोपं त्यातून ओवली तरी चालतं. खोडं फुगतात, भोकात अडकतात, आपोआप जुळतात आणि मुळंही आडवी पसरतात.

बांधलेली पट्टी दर पंधरा दिवसांनी सैल करून पाहा. एकदा भर वाढीच्या दिवसांत मी प्लॅस्टिकचे पट्टे दोन महिने तसेच ठेवले. खोडं जुळली, पण सालीत रुतलेल्या आडव्या खुणा कितीतरी वर्षं तशाच दिसत राहिल्या. तेव्हापासून पट्टा आवळला त्याच दिवशी तो सोडायची तारीख मी कुंडीवर लिहून ठेवतो.

आता खोडांचा क्रम. एक खोड सगळ्यात जाड आणि सगळ्यात उंच हवं, दुसरं त्याहून स्पष्टपणे कमी, बाकीची आणखी लहान. दोन खोडं सारख्या जाडीची आणि सारख्या उंचीची राहिली तर झाड दुभंगल्यासारखं दिसतं. संख्या ३, ५, ७ अशी विषम ठेवण्याची जुनी रीत आहे. दोन खोडांचं झाडही उत्तम होतं, मात्र त्यात जाडीचा फरक ठळक पाहिजे.

हा फरक कात्रीने घडवायचा असतो. ज्या खोडावर पानं जास्त, ते जाड होत जातं. म्हणून मुख्य खोडाचा शेंडा मोकळा सोडा, हवा तर हातभर वर जाऊ द्या. तो भाग नंतर कापायचाच आहे, त्याचं काम फक्त बुंधा जाड करणं. बाकीच्या खोडांच्या फुटव्यांना ६ ते ८ पानं आली की त्यांतली २ ठेवून छाटा. एखादं लहान खोड फारच मागे पडलं, तर एक हंगाम त्याची छाटणी थांबवा. दर आठवड्याला सगळ्या खोडांवर सारखी कात्री फिरवणं टाळा. झाड नीटनेटकं राहतं खरं, पण सगळी खोडं एकाच जाडीची होऊन बसतात, आणि ते दुरुस्त करायला पुढची दोन-तीन वर्षं जातात.

फार खोडं एकाच बिंदूवरून उठली तर तिथे गाठ फुगते आणि बुंध्यापेक्षा वरचा भाग जाड दिसू लागतो. जास्तीची खोडं कोवळी असतानाच मुळापासून काढा. जीव तुटतो, तरी काढा. समोरून पाहताना एक खोड दुसऱ्याच्या बरोबर मागे लपू नये, एकमेकांना छेदून जाऊ नये, आणि काही खोडं थोडी मागे झुकावीत म्हणजे झाडाला खोली येते. दोन खोडांच्या मधल्या जागेत वाढणाऱ्या आतल्या फांद्या काढून टाका. पानांचा घेर सगळ्या खोडांचा मिळून एकच असतो, प्रत्येक खोडाची वेगळी छत्री करायची नाही.

खोडांना वळण देण्यासाठी ॲल्युमिनियमची तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची घ्या आणि ४५ अंशांच्या कोनात गुंडाळा. वाढीच्या दिवसांत फायकसवर तार ४ ते ६ आठवड्यांत, कधी त्याआधीच रुतते, म्हणून नजर ठेवा. जाड खोड तारेने वळत नाही. त्याला दोरीने ओढून कुंडीला बांधा.

जातीप्रमाणे हात बदला. नांद्रुक, म्हणजे फायकस मायक्रोकार्पा, जुन्या लाकडावरही भरभरून फुटतो, त्यामुळे खोड सरळ उतरवलं तरी चालतं. बेंजामिना या फायकसच्याच दुसऱ्या जातीची फांदी पूर्ण निष्पर्ण केली तर ती अनेकदा वाळते, म्हणून प्रत्येक फांदीवर थोडी तरी पानं ठेवा. जागा बदलल्यावर बेंजामिना पानं गाळतो. त्याने घाबरून पाणी वाढवू नका.

कापताना पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नका, त्वचेलाही त्रास होऊ शकतो. घावावर पाण्याचा फवारा मारला की लवकर थांबतो.

कुंडी बदलताना एक तृतीयांशापर्यंत मुळं काढली तरी निरोगी झाड सोसतं. माध्यम निचऱ्याचं हवं: ३ ते ६ मिलिमीटरचे विटांचे किंवा प्युमिसचे (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे) तुकडे आणि थोडं कुजलेलं खत. मात्र मुळांची छाटणी आणि खोडाची जबर छाटणी एकाच वेळी करू नका. एकातून झाड सावरलं, नवी पालवी पिकली, की दुसरं करा.

पारंब्या हव्या असतील तर दमटपणा हेच मुख्य साधन. खोडातून लोंबणाऱ्या कोवळ्या मुळीवर ओल्या मॉसने भरलेली नळी चढवा, म्हणजे ती न वाळता मातीपर्यंत पोचते. मातीत घुसली की भराभर जाड होते आणि पुढे तीही एक खोड म्हणून उभी राहू शकते. त्यामुळे ती कुठे उतरवायची ते विचार करून ठरवा.

याच दिवसांत नांद्रुकाची कोवळी पानं दुमडून वळलेली दिसली तर आत फुलकिडे असतात. ती पानं तोडून कुंडीपासून लांब नष्ट करा. खोडावर मुंग्यांची ये-जा वाढली तर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधा. थोड्या असतील तर मऊ ब्रशने काढा आणि कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करा.

थंडीच्या साधारण ६ ते ८ आठवडे आधी मोठे घाव थांबवा आणि पानं शाबूत राहू द्या, कारण पुढच्या हंगामाचा जोर त्यांच्यातूनच साठतो. तारा आणि बांधलेले जोड मात्र त्या काळातही तपासत राहा.