बसून भाला फेकणारी माणसं: ग्रीक युद्धनौकांच्या अभ्यासात मी कुठे अडकले

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी इ.स.पू. ४१३ ची, सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहराच्या बंदरातली अथेन्सविरुद्ध सिराक्यूज ही लढाई घेतली होती. ट्रायरीमची, म्हणजे एकावर एक तीन रांगांत वल्ही असलेल्या युद्धनौकेची रचना, १७० वल्ही, नाळेवरची (पुढच्या टोकाची) धडक मारायची काशाची चोच हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. माझा विषय होता डेकवरचे भालाफेके आणि तिरंदाज. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "ही माणसं भाला उभ्याने फेकत होती की बसून?" मी म्हणाले, उभ्याने. माझं अख्खं तिसरं प्रकरण त्याच समजुतीवर रचलेलं होतं. ते परत लिहावं लागलं, सहा महिने गेले.

चूक नेमकी कशी झाली ते सविस्तर सांगते, कारण याच जागी आणखी दोघं अडकलेली मी पाहिली आहेत. त्या युद्धाचा समकालीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस याच्या इतिहासाच्या सातव्या पुस्तकात लढाईचं वर्णन ७० व्या प्रकरणात येतं. त्याआधी दोन्ही बाजूंच्या सेनापतींची भाषणं आहेत. माझ्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं की भाषणं लेखकाने रचलेली असतात, पुराव्यात धरू नकोस. थ्युसिडिडीस स्वतःच सांगतो की अचूक शब्द लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून प्रसंगाला शोभेल असं त्याने लिहिलं. मग मी भाषणं वगळूनच पुढे गेले. आणि नेमकं ६७ व्या प्रकरणात, सिराक्यूजच्या बाजूच्या भाषणात, ते वाक्य आहे: अथेन्सवाल्यांनी अकार्नानियाचे (पश्चिम ग्रीसमधल्या प्रदेशाचे) आणि इतर भालाफेके नौकांवर चढवलेत, ही जमिनीवरची माणसं, बसून अस्त्र कसं सोडायचं हेसुद्धा त्यांना उमगणार नाही, ती नौकांचाच गोंधळ उडवतील. भाषण रचलेलं असेल. पण रचणारा स्वतः अथेन्सचा सेनापती होता, इ.स.पू. ४२४ मध्ये सात नौका घेऊन थासोसहून निघालेला. डेकवर काय चालतं हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागत नव्हतं.

एवढ्यावर संपलं नाही. परीक्षेनंतर घरी येऊन भाषण उघडलं, तर माझ्याकडच्या जुन्या, फुकट मिळणाऱ्या इंग्रजी अनुवादात 'बसून' नव्हतंच. 'न हलता' अशा अर्थाचे शब्द होते. मूळ ग्रीक शब्द आहे काथेझोमेनूस, बसलेले. तेव्हा ज्या वाक्यावर तुमचा मुद्दा टेकलेला आहे, ते वाक्य मूळ भाषेत बघितल्याशिवाय मार्गदर्शकांकडे पाठवू नका. अख्खं पुस्तक नको, ते एक वाक्य बघा.

बसायचं का, तेही समजून घ्या. ऑलिम्पियास ही १९८७ साली ग्रीसमध्ये पाण्यात उतरवलेली ट्रायरीमची प्रतिकृती सुमारे ३७ मीटर लांब आणि जेमतेम साडेपाच मीटर रुंद आहे. इतक्या अरुंद नौकेत सगळ्यात वर बसलेली दहा-वीस माणसं उठून एका बाजूला झाली की नौका कलते. एका अंगाची वल्ही खोल रुततात, दुसऱ्या अंगाची पाण्याला नीट लागत नाहीत. ताल तुटला की धडक मारणं दूरच, वळणंही जमत नाही. म्हणूनच अथेन्सच्या नौकेवर सहसा दहा जड शस्त्रांचे सैनिक आणि चार तिरंदाज, एवढेच लढवय्ये असत.

हा आकडा मात्र सगळीकडे चिकटवू नका. इ.स.पू. ४९४ मध्ये लाडेच्या आरमारी लढाईत खिओस बेटाच्या प्रत्येक नौकेवर ४० निवडक नागरिक होते. सलामिसच्या लढाईसाठी प्लुटार्क हा बराच नंतरचा ग्रीक चरित्रकार १८ म्हणतो. इ.स.पू. ४३३ मध्ये सिबोटाच्या लढाईत डेक माणसांनी भरलेले होते आणि थ्युसिडिडीस त्या पद्धतीला जुनाट म्हणतो. आधी लढाई सांगा, मग आकडा.

यूट्यूबवरचे दहा मिनिटांचे सारांश मला अजिबात पटत नाहीत. ते तिरंदाज, भालाफेके, गोफणवाले सगळ्यांना 'हलकं सैन्य' म्हणून एका पोत्यात भरतात. थ्युसिडिडीस तसं करत नाही. इ.स.पू. ४१५ ला सिसिलीकडे निघालेल्या ताफ्याची मोजदाद तो वेगवेगळी देतो: ४८० तिरंदाज, त्यातले ८० क्रीटचे, आणि ऱ्होड्सचे ७०० गोफणवाले. ज्वारीच्या रानात माळ्यावरून गोफण फिरताना पाहिली असेल, तर तिला भोवती किती मोकळी जागा लागते ते तुम्हाला सांगायला नको. हातातल्या दगडाचं गणित आणखी वेगळं. प्लुटार्क लिहितो की कॉरिंथच्या अरिस्टोन नावाच्या सुकाणूदाराने सिराक्यूजच्या लोकांना दगड मारायला शिकवलं, कारण दगड कसाही लागला तरी सारखाच बसतो. बाण आणि भाला मात्र नौका हलली की टोकाने लागत नाहीत. सिराक्यूजच्या त्या लढाईत अथेन्स का हरलं, ते हे वाचल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं.

ग्रीकची भीती वाटत असेल तर ती मलाही होती. अक्षरं मी सव्विसाव्या वर्षी गिरवली. पर्सियस डिजिटल लायब्ररीत शब्दावर क्लिक केलं की त्याचं व्याकरण समोर येतं, आणि शाळेत संस्कृत घेतलं असेल तर तुम्ही बरेच पुढे आहात. काथेझोमेनूसमधला 'मेन' म्हणजे वर्तमान, लभमान यांतल्या 'मान'चा सख्खा भाऊ, आणि त्यातला बसण्याचा धातू आपल्या 'सद्'च्याच कुळातला. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

सुरुवात सातव्या पुस्तकापासून करू नका, ते फार कठीण आहे. चौथ्यातलं ३२ वं प्रकरण घ्या, इ.स.पू. ४२५, स्फाक्टेरिया बेट. तिथे सत्तराहून जास्त नौकांचे वल्हेकरी मिळेल ते शस्त्र घेऊन किनाऱ्यावर उतरतात, सोबत ८०० तिरंदाज आणि निदान तितकेच हलक्या ढालींचे पेल्टास्ट. फक्त सगळ्यात खालच्या रांगेतले वल्हेकरी, थालामिओई, नौकांवरच राहतात. तो शब्द स्वतः शोधून काढा. मला त्या एका प्रकरणाला नऊ संध्याकाळी लागल्या होत्या.