‘कागज के फूल’ पाहायला बसण्यापूर्वी

गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ साली प्रदर्शित झाला आणि तिकीटखिडकीवर साफ पडला. आज मात्र हिंदी सिनेमाच्या अभ्यासात त्याला टाळून पुढे जाता येत नाही. तो प्रथमच पाहणाऱ्याने थोडी तयारी केली, तर चित्रपट अधिक उलगडतो.

शक्य असल्यास आधी गुरुदत्त यांचाच ‘प्यासा’ पाहावा. १९५७ साली तो चांगला चालला होता. त्यात जगाने नाकारलेला कवी अखेर त्या जगाकडे पाठ फिरवून निघतो, पण एकटा जात नाही. ‘कागज के फूल’मधील दिग्दर्शक सुरेश सिन्हा याला एवढाही आधार उरत नाही. संसार, मुलगी, नाव आणि काम असे सारे एकामागून एक हातचे जाते. ‘प्यासा’च्या आठवणीने आलेल्या प्रेक्षकाला ही निराशा जड वाटली असेल, तर त्याला अरसिक ठरवण्याची घाई करू नये.

प्रत निवडताना चौकटीची रुंदी अवश्य तपासावी. हा भारतातील पहिला सिनेमास्कोप, म्हणजे नेहमीपेक्षा बऱ्याच रुंद चौकटीचा, चित्रपट. कडा छाटून जुन्या टीव्हीच्या आकारात बसवलेली प्रत घेतली, तर अर्धा चित्रपट गमावलाच म्हणून समजावे, कारण व्ही. के. मूर्ती यांच्या छायाचित्रणात माणसांइतकेच त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेला महत्त्व आहे. मोबाइलवर तो पाहू नये. खोलीत अंधार करून, मिळेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहावा.

‘वक्त ने किया क्या हसीं सितम’ या गाण्याशी विशेष थांबावे. ओसाड स्टुडिओत सुरेश आणि त्याने पडद्यावर आणलेली नटी शांती एकमेकांपासून दूर उभे आहेत, दोघांचेही ओठ हलत नाहीत आणि गीता दत्त यांचा आवाज जणू त्या जागेतूनच उमटतो. वरून उतरणारा प्रकाशाचा तो प्रसिद्ध झोत मूर्तींनी मोठ्या आरशांच्या साहाय्याने उन्हाचा कवडसा आत वळवून मिळवला. त्या झोतात दोघांच्या केवळ छायाकृती एकत्र येतात. प्रत्यक्ष माणसे जागची हलत नाहीत. हे सारे ज्या भव्य अवकाशात घडते, त्याचे श्रेय कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर यांनाही द्यायला हवे.

दोष मात्र झाकू नयेत. जॉनी वॉकर यांचा विनोदी भाग मूळ कथेशी नीटसा सांधत नाही, आणि उत्तरार्धात सुरेशची घसरण काही ठिकाणी नको इतकी लांबते. माझ्या मते हे मान्य करून पाहणाराच या चित्रपटावर खरे प्रेम करू शकतो. केवळ दंतकथेवर भाळलेला प्रेक्षक पहिल्या संथ प्रसंगातच कंटाळतो.

या अपयशानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा आपले नाव लावले नाही आणि १९६४ साली त्यांचे निधन झाले. त्यामुळे दिग्दर्शकाच्या खुर्चीतच सुरेशचा अंत होतो तो प्रसंग त्यांचे आत्मचरित्र म्हणून पाहण्याचा मोह होतो. पहिल्या वेळी तो आवरावा, कारण चित्रपट बनत असताना पुढचे काहीच घडलेले नव्हते. दुसऱ्यांदा पाहताना वरील गाणे एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावे आणि प्रकाश कोणत्या क्षणी कोणाच्या चेहऱ्यावरून सरतो, एवढेच टिपावे.