'अशहदु अल्ला'मधलं 'अल्ला': मुलांना कलमा समजावताना

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात मुलं शाळेआधी मकतबला, म्हणजे दीन शिकवणाऱ्या वर्गाला जातात. माझी दुसरीतली नातही जाते. कलमा, म्हणजे आपल्या श्रद्धेची साक्ष देणारं वाक्य, घडाघडा म्हणते. एकदा तिला 'अशहदु अल्ला इलाहा इल्लल्लाह' पाटीवर लिहायला लावलं आणि विचारलं, यात अल्लाहचं नाव किती वेळा आलं? "दोनदा," म्हणाली, आणि पहिलं बोट ठेवलं ते 'अल्ला'वर.

मराठी वाचणारी मुलं इथेच फसतात, कारण आपण अल्लाहचं नावही 'अल्ला' असं लिहितो. म्हणून सुरुवात इथूनच करा. तो शब्द 'अन् ला' असा फोडून दाखवा. 'अन्' म्हणजे 'की' (आपलं 'आणि'वालं 'अन्' नव्हे, हेही सांगा) आणि 'ला' म्हणजे 'नाही'. जोडून म्हणताना न् चा ल् होतो. अल्लाहचं नाव येतं ते शेवटी, एकदाच.

मग पुढचे शब्द. 'इलाह' म्हणजे ज्याची इबादत, उपासना करावी असा. 'इल्ला' म्हणजे खेरीज. अल्लाहखेरीज इबादतीला लायक कोणीच नाही. आधी नकार, मग होकार. पेरणीआधी आपण भाजावळ करतो, तण जाळतो, तसं. म्हणून 'ला इलाहा'वर मुलाला श्वास तोडू देऊ नका. तिथे थांबलं तर उरतं फक्त 'कोणीच नाही'. दम पुरत नसेल तर आधी खोल श्वास घ्यायला लावा.

'अशहदु' म्हणजे मी साक्ष देतो. अरबीत मुलगा-मुलगी दोघांचं रूप एकच, पण मराठीत अर्थ सांगताना मुलीला 'देते' म्हणायला लावा. साक्ष तिची स्वतःची आहे. नातीनं लगेच विचारलं, "मी अल्लाहला पाहिलं नाही, मग साक्ष कशी देऊ?" अशा प्रश्नावर मुलाला गप्प करू नका. मी तिला विचारलं, "माझ्या आईला तू पाहिलंस?" नाही. "पण ती होती, हे शपथेवर सांगशील?" "हो, तू आहेस ना!" मग अंगणातला आंबा, पाऊस, तिचे स्वतःचे डोळे, सगळ्याकडे बोट दाखवत गेलो.

कलम्याच्या दुसऱ्या भागात मुहम्मद (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) 'अब्दुहू व रसूलुहू' आहेत. आधी अब्द, बंदा. मग रसूल, पाठवलेला. हा क्रम नीट समजावा: पैगंबरांवर जिवापाड प्रेम करायचं, त्यांच्या वाटेनं चालायचं, पण इबादत त्यांची नाही. मराठीतला 'पैगंबर' शब्दही मूळ फारसी, पैगाम आणणारा.

अर्थ कळला की नमाजमध्ये दाखवा. आम्ही कोकणी शाफई पंथाचे, अत्तहियातमध्ये (नमाजमध्ये बसून पढतात त्यात) 'इल्लल्लाह' म्हणताना शहादतचं बोट, म्हणजे उजव्या हाताची तर्जनी उचलतो. नकाराला नाही, होकाराला. हनफी पंथाच्या घरांत 'ला'ला उचलून 'इल्ला'ला खाली घेतात. तुमच्या घरची रीत असेल ती शिकवा.

आणखी एक गोष्ट, थोड्या मोठ्या मुलांसाठी. 'ला इलाहा इल्लल्लाह'मध्ये ओठ मिटावे लागतील असं एकही अक्षर नाही. आरशासमोर म्हणून बघायला सांगा. माझे वडील शेवटच्या दिवशी ओठ हलवू शकत नव्हते, पण जीभ हलताना आम्हाला दिसली. अशा वेळी माणसाला 'पढा, पढा' म्हणून घाई करायची नसते. उशाशी बसून आपणच हळू आवाजात म्हणायचं. त्यानं एकदा म्हटलं की गप्प राहायचं. मध्ये तो दुसरं काही बोलला, पाणी मागितलं, तर पाणी द्यायचं आणि मग पुन्हा एकदा, हळूच.