पडून असलेल्या टीव्ही बॉक्सवर जुन्या गेमा कशा चालवायच्या: आधी चिप बघा, मग कार्ड घ्या

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या सुट्टीत एकाच घरी टीव्ही गेम असायचा आणि आम्ही दहाबारा पोरं नंबर लावून बसायचो, कॅसेट चालेना झाली की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. त्याच काँट्रा-मारिओ आता घरात पडून असलेल्या अँड्रॉईड टीव्ही बॉक्सवर मस्त चालतात. त्या जुन्या निन्टेन्डो गेम मशीनला रॅम (कामापुरती मेमरी) होती फक्त २ केबी, त्यामुळं आजचा सगळ्यात स्वस्तातला बॉक्सपण तिला भारी पडतो.

यासाठी एम्युईलेक नावाची फुकट सिस्टीम आहे, ती मेमरी कार्डवरनं चालते. पण टीव्ही बॉक्समध्ये ती फक्त अॅमलॉजिक कंपनीच्या चिपवर (म्हणजे बॉक्सच्या मुख्य प्रोसेसरवर) चालते हे आधी डोक्यात घ्या, रॉकचिप किंवा ऑलविनरचा बॉक्स असला तर हा नाद सोडा. बॉक्सवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका, माझ्या एका बॉक्सवर ४ जीबी रॅम छापलेली आणि आत निघाली २. चिपचं नाव आणि रॅम किती ते सिस्टीम माहिती दाखवणाऱ्या अॅपमध्ये बघा, तरी शंका राहिली तर खालचे स्क्रू काढून चिपवरचा नंबर वाचायचा, हेच खात्रीचं.

एस९०५डब्ल्यू किंवा एस९०५एक्स निघाली तर 'अॅमलॉजिक-ओल्ड'वाली फाईल डाऊनलोड करा, एस९०५एक्स२, एक्स३ किंवा एस९२२एक्स असली तर 'एनजी'वाली. कार्ड ओरिजिनल कंपनीचं घ्या, ३२ जीबी भरपूर झालं, आणि कॉम्प्युटरवर बॅलेना एचर किंवा रुफस या सॉफ्टवेअरनं फाईल कार्डवर राईट करा.

आता खरी गोम. कार्डवर डिव्हाईस ट्रीज नावाचा फोल्डर दिसेल, बॉक्सच्या आत काय काय आहे हे सिस्टीमला सांगणाऱ्या फाईली त्यात असतात, त्यातनं आपल्या चिपची आणि आपल्या रॅमची फाईल शोधायची, कॉपी करून फोल्डरच्या बाहेर, कार्डच्या पहिल्याच पानावर टाकायची आणि तिचं नाव बदलून डीटीबी डॉट आयएमजी (dtb.img) करायचं. लोकं इथंच अडकतात. फाईल चुकली की स्क्रीन काळी राहते नाहीतर सगळं चालतं पण वायफाय लागत नाही, मग बॉक्स बिघडला म्हणून टाकून देतात, अहो बिघडलेलं काही नसतं, शेजारची दुसरी फाईल टाकून बघा, मला तिसऱ्या फाईलीला जमलं.

मग बॉक्सची पिन काढा, कार्ड घाला, एव्हीच्या भोकात टूथपिक घातली की आत बटन लागतं (काही बॉक्सला ते खाली असतं), ते दाबून धरूनच पिन लावा आणि लोगो आला की सोडा. पहिल्यांदा वेळ लागतो, आपोआप रीस्टार्टपण होतंय, घाबरू नका. अँड्रॉईडला यात धक्का लागत नाही, कार्ड काढलं की बॉक्स परत पहिल्यासारखा. उलट बरंच आहे, २०२३ मध्ये असल्या काही स्वस्त बॉक्समध्ये कारखान्यातनंच व्हायरस आलेला सापडला होता, कार्डवरनं चालवताना ते अँड्रॉईड सुरूच होत नाही.

यूएसबी जॉयस्टिक लावा, एक बटन दाबून धरा, ते एकेक बटन विचारत जाईल. गेमच्या फाईली कार्डच्या ईईरॉम्स (EEROMS) नावाच्या भागात त्या त्या मशीनच्या फोल्डरात टाकायच्या, प्लेस्टेशनला बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) फाईल वेगळी लागते. बहुतेक जुन्या गेमांवर अजून कॉपीराईट आहे, त्यामुळं स्वतःकडच्या कॅसेटी-सीडीची कॉपी वापरा, किंवा हौशी लोकांनी नव्यानं बनवून फुकट दिलेल्या गेमा घ्या, त्यातल्या काही खरंच नाद खुळा आहेत.

अपेक्षा मात्र बरोबर ठेवा. ८ बिट, १६ बिट, गेमबॉय अॅडव्हान्स सगळं पळतं, पहिलं प्लेस्टेशनपण चालतं, पण पीएसपी आणि ड्रीमकास्ट या नंतरच्या मशीनसाठी एस९०५एक्स३ चिप तरी पाहिजे.

आणि खेळून झालं की थेट पिन ओढू नका. मेनूतनं शटडाऊन करा, नाहीतर कार्ड खराब होऊन सेव्ह केलेलं सगळं जाऊ शकतं. आमच्याकडं एकदा खेळताना लाईट गेली आणि पोराची चार दिवसांची सेव्ह गेली, तेव्हापासून सेव्हच्या फाईली असलेल्या फोल्डरची कॉपी पेन ड्राईव्हवर ठेवतोय.