अदिस अबाबाला जाताय? आधी महिना ठरवा

अदिस अबाबाला जायचं तर आधी महिना ठरवा. तिकीट, बूट, स्वेटर सगळं त्याच्या मागून येतं. आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे पातळ सुती कपडे काढून ठेवतात आणि तिथं उतरल्यावर पहिल्याच संध्याकाळी अंगावर काटा येतो. इथिओपियाची ही राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे हे अख्खं शहर कळसूबाईच्या माथ्याहून सातशे मीटर उंच वसलेलं आहे. दुपारचं तापमान वर्षभर वीस-पंचवीसच्या आसपास राहतं. फरक पडतो तो पावसाचा आणि रात्रीच्या गारठ्याचा.

तिथले लोक तीन ऋतू मानतात. जून ते सप्टेंबर किरेम्त, म्हणजे मोठा पाऊस. ऑक्टोबर ते जानेवारी बेगा, कोरडा आणि निरभ्र. फेब्रुवारी ते मे बेल्ग, मधूनमधून सरी घेऊन येणारा आणि त्यातल्या त्यात उबदार. जुलै-ऑगस्ट टाळा, हे मी स्पष्टच सांगते. सकाळी छान ऊन असतं, दुपारी आभाळ भरून येतं आणि कधीकधी गारांसकट कोसळतं. गल्ल्यांमधल्या दगडी फरशा निसरड्या होतात, एंतोतोचे डोंगर ढगात जातात. मेच्या सुट्टीशिवाय जमणारच नसेल तर जा, छत्री मात्र हाताशी ठेवा.

माझी निवड विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य. पाऊस ओसरलेला असतो, धूळ अजून उठलेली नसते आणि डोंगरउतार ‘अदेय अबेबा’ या फुलांनी पिवळे झालेले असतात. सह्याद्रीत भाद्रपद-आश्विनात सोनकी फुलते ना, अगदी तसे. दोन्ही फुलं सूर्यफुलाच्याच कुळातली. एक फूल हातात घेऊन बघा, पाकळ्यांचा पिवळा रंग मधल्या चकतीकडे गडद होत जातो. ११ सप्टेंबरला, इथिओपियाच्या नववर्षाला, लहान मुली याच फुलांच्या जुड्या घेऊन गाणी म्हणत दारोदार फिरतात. शहराच्या नावाचा अर्थही ‘नवं फूल’. १८८६ मध्ये, पुढे सम्राट झालेला दुसरा मेनेलिक आणि त्याची पत्नी ताय्तू एंतोतोच्या थंडीतून खाली गरम झऱ्यांपाशी आले आणि हे शहर उभं राहिलं.

२७ सप्टेंबरला मेस्केल, येशूचा क्रूस सापडल्याचा सण. आदल्या संध्याकाळी मेस्केल चौकात ‘देमेरा’ पेटवतात, पिवळ्या फुलांनी सजवलेली लाकडांची उंच होळीच ती. ती बघायची असेल तर हॉटेल दोन-तीन महिने आधी घ्या आणि २६ तारखेच्या संध्याकाळचं विमान घेऊ नका, चौकाभोवतीचे रस्ते बंद असतात. दुसरा मोठा सण तिम्कत, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा, १९ जानेवारीला, जान मेदाच्या मैदानावर. त्या सुमारास आकाश लख्ख, पण पहाटे पारा दहाच्या खाली जातो, म्हणून जाड जॅकेट हवंच. २०२७ मध्ये नववर्ष आणि मेस्केल एकेक दिवस पुढे सरकतात, तिम्कत २०२८ मध्ये. त्यांच्या वर्षात तेरा महिने असतात आणि शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा. तारखा ताडून घ्या.

घड्याळाचंही तसंच. तिथं दिवस सूर्योदयापासून मोजतात, आपल्या पंचांगासारखा. ड्रायव्हर ‘तीन वाजता येतो’ म्हणाला तर ते सकाळचे नऊ असू शकतात. दर वेळी ‘तुमच्या घड्याळात की आमच्या?’ असं विचारा. आपल्यापेक्षा ते अडीच तास मागे आहेत, ते वेगळंच.

पिवळ्या तापाची लस महिनाभर आधी सरकारमान्य केंद्रात घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य होतं, पुढे आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परत आल्यावर भारतात विलगीकरणात बसावं लागू शकतं, म्हणून कागद पासपोर्टमध्येच ठेवा. मलेरियाची भीती शहरात उंचीमुळे नाही, पण सखल भागात जाणार असाल तर डॉक्टरांना विचारा. शहराबाहेर पडण्याआधी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा. व्हिसा ऑनलाइन काढता येतो, मुंबईहून थेट विमानही आहे.

पहिला दिवस मोकळा ठेवा. जिना चढताना धाप लागते, ती उंचीची. घरात वयस्कर कोणी किंवा हृदयरोगी असेल तर निघण्याआधी तपासणी करून घ्या. हवा गार असली तरी ऊन भाजतं, सनस्क्रीन आणि टोपी दोन्ही ठेवा. देवळासारखंच चर्चमध्ये पादत्राणं बाहेर काढावी लागतात, म्हणून जाड मोजे घ्या आणि बायकांनी एक पांढरी ओढणी घ्यावी.

शाकाहाऱ्यांनी खाऊच्या पिशव्या भरू नयेत. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवार-शुक्रवार आणि ईस्टरआधीचे ५५ दिवस उपवास करतात, त्यात मांस, दूध, अंडी काहीच नसतं. ‘त्सोम’ म्हटलं की आंबोळीसारख्या आंबटसर इंजेरावर मसूर, शिरो (आपल्या पिठल्यासारखं), पालेभाज्या वाढलेलं ताट येतं. काही ठिकाणी उपवासाला मासा चालतो, तेवढं विचारून घ्या. आणि एक संध्याकाळ बुना, म्हणजे कॉफी, यासाठी राखून ठेवा. जमिनीवर हिरवं गवत पसरतात, बाई हिरव्या बिया तव्यावर भाजते, त्यांचा धूर पाहुण्यांच्या नाकाशी आणून देते, मग जेबेना या मातीच्या सुरईतून तीन वेळा कॉफी ओतते. पहिल्या कपानंतर उठू नका, तिसऱ्याला ‘बरका’ म्हणजे आशीर्वाद म्हणतात.